लहान-मोठे मॉनिटर एकत्र जोडताना या चुका टाळा

घरून काम करण्याची पद्धत रुजल्यापासून इंदूरमध्ये रामबाग किंवा सुदामानगरातल्या अनेक घरांत लॅपटॉपशेजारी आणखी एक मॉनिटर दिसू लागला आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत काम करणारे असोत, सीए असोत किंवा शेअर बाजारात सौदे करणारे, हा दुसरा मॉनिटर बहुधा घरातलाच जुना असतो, नाहीतर जेल रोडवरून भाव पाहून आणलेला असतो. जोडणी होते, चित्रही येते, पण एका पडद्यावरची अक्षरे बारीक आणि दुसऱ्यावरची थोराड दिसतात, शिवाय माउसचा बाण मध्येच अडतो. मॉनिटर खराब असल्याचा निष्कर्ष इथे घाईने काढला जातो.

मूळ चूक इंच आणि रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची (पिक्सेलची) आडवी-उभी संख्या, वेगवेगळे पाहण्याची आहे. डोळ्यांना जाणवते ती एका इंचात मावणाऱ्या पिक्सेलची संख्या. २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० च्या मॉनिटरवर ती सुमारे ९२ असते, २७ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६० च्या मॉनिटरवर सुमारे १६३ आणि १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर सुमारे १४१. त्यामुळे फुल एचडी असूनही लॅपटॉप आणि मॉनिटर यांवर एकच खिडकी वेगळ्या आकाराची दिसते, तर ३२ इंची २५६० × १४४० चा मॉनिटर २४ इंची फुल एचडीशेजारी जवळजवळ तंतोतंत जुळतो, कारण त्याचाही आकडा ९२ च येतो. नवीन मॉनिटर घ्यायचाच असेल, तर माझ्या मते आधी हा आकडा पाहावा आणि मग किंमत.

अक्षरे बारीक दिसतात म्हणून रेझोल्यूशन कमी करणे ही यातूनच होणारी दुसरी चूक. एलसीडी पडद्याचे पिक्सेल ठरलेले असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर १९२० × १०८० निवडले, की एका पिक्सेलचे चित्र सव्वा-दीड पिक्सेलवर ताणले जाते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. रेझोल्यूशन शिफारस केलेलेच ठेवावे आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्येक मॉनिटर निवडून त्याचे स्केल, म्हणजे मजकूर किती मोठा दिसावा त्याची टक्केवारी, स्वतंत्रपणे बदलावे. वरच्या उदाहरणात २४ इंचीला १०० टक्के, फोर-केला १७५ टक्के आणि लॅपटॉपला १५० टक्के दिले, की तिन्हींवरचा मजकूर जवळपास सारखा दिसतो. लॅपटॉप डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे त्याला १२५ टक्केही पुरतात. एवढे करूनही एखादे जुने सॉफ्टवेअर दुसऱ्या पडद्यावर नेताच धूसर होत असेल, तर दोष त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या घडणीत असतो. त्याच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी या भागात हाय डीपीआयची सेटिंग बदलून सिस्टिम एन्हान्स्ड हा पर्याय निवडून पाहावा. हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरना त्याचा पुष्कळदा उपयोग होतो, सगळ्यांना होतोच असे नाही.

बाण अडण्याचे कारण वेगळे आहे. सेटिंगमध्ये दिसणारे मॉनिटरचे चौकोन इंचांप्रमाणे नसतात, पिक्सेलप्रमाणे असतात. टेबलावर २७ इंची पडदा साधारण ३३.६ सेंटिमीटर उंच आणि २४ इंची साधारण २९.९ सेंटिमीटर, म्हणजे फरक चार बोटांचाही नाही. पण फोर-केची उंची २१६० पिक्सेल आणि फुल एचडीची १०८०, म्हणून सेटिंगमध्ये एक चौकोन दुसऱ्याच्या दुप्पट उंच दिसतो. जिथे दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात तिथूनच बाण पलीकडे जातो, उरलेल्या अर्ध्या कडेवर तो थांबतो. त्यामुळे चौकोन आपोआप लागले तसे सोडून देऊ नयेत. आपला हात ज्या उंचीवरून जास्त वेळा पलीकडे जातो, ती उंची दोन्हींत समोरासमोर येईल असे ते ओढून बसवावेत. लॅपटॉप मॉनिटरच्या खाली ठेवला असेल तर चौकोनही खालीच ठेवावा. विंडोज ११ मध्ये बाण अडू न देणारी एक सोयही मल्टिपल डिस्प्लेज या भागात आहे. डावे-उजवे उलटे झाले असेल तर आयडेंटिफायचे बटण दाबून आकडे पाहावेत, एवढे पुरे.

फोर-के पडद्यावर बाण अडखळत सरकत असेल, तर केबल आणि पोर्ट तपासावे. एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांपलीकडे जात नाही. ६० साठी दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० आणि तेवढ्या क्षमतेची केबल, किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (हर्ट्झ) दिसतात ते वाचले की शंका फिटते. डेस्कटॉपवर वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणे ही चूक तर नेहमीची आहे.

यूएसबी-सीच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते, कारण खाच सारखी दिसली तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर देत नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडचा, म्हणजे यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याच्या सोयीचा उल्लेख आहे का ते पाहावे. मूळ एम१ आणि एम२ चिपची मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात, तेव्हा त्यांच्यासाठी दोन मॉनिटरचा डॉक (एका पोर्टवरून अनेक जोडण्या देणारी पेटी) घेण्याआधी हे विचारात घ्यावे. दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्यावा आणि अ‍ॅडाप्टरचे पैसे देण्याआधी तिथल्याच एखाद्या मॉनिटरवर पूर्ण रेझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ मिळतात का, हे स्वतः उघडून पाहावे.