कॅपस्टोनला शैक्षणिक गेम घेताय? आधी पुठ्ठा आणि कात्री आणा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला कॅपस्टोनचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टचे, विषय मागवले की एखादा तरी ग्रुप 'एज्युकेशनल गेम' लिहून आणतो. चौघं माझ्या टेबलाशी उभे राहतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, युनिटीमध्ये करू की गोडोमध्ये?" (दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर.) मी विचारते, शिकवणार काय? कोणाला? मग चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हे लिहितेय ते अशा ग्रुपसाठी. बाकीच्यांनी हजेरी प्रणाली करावी, तिचे तयार कोड मुबलक मिळतात.

विषय अगदी बोटभर घ्या. 'पाचवीचं गणित' हा विषय होत नाही, 'अपूर्णांक' हासुद्धा नाही. '१/६ आणि १/८ यांत मोठा कोणता, हे पाचवीच्या मुलाला न अडखळता सांगता यावं', हा झाला विषय. बऱ्याच मुलांना १/८ मोठा वाटतो, कारण सहापेक्षा आठ मोठे हे ती पहिलीपासून घोटत आलेली असतात. त्यांची चूक तर्काला धरून आहे, म्हणूनच ती नुसतं सांगून जात नाही. बालभारतीचं पुस्तक उघडा, तो पाठ स्वतः सोडवा, मग जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन तिथल्या बाईंना विचारा की मुलं नेमकी कुठे अडतात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा, त्यानंतर लिहायचा.

आता गेम. बहुतेक ग्रुप पहिल्यांदा एकच आराखडा आणतात : हीरो पळतोय, समोर भिंत, भिंतीवर प्रश्न, खाली चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की उडी. हा टोलनाका झाला. मुलाला पुढे जायचंय, म्हणून तो वैतागत पैसे भरतो, म्हणजे चारपैकी एक पर्याय दाबतो; चुकला तर दुसरा दाबतो. तुमचा गेम असा आहे का, हे तपासायला माझा एक साधा प्रश्न आहे : यातलं गणित काढून तिथे सामान्यज्ञान टाकलं तर गेम तसाच चालेल का? चालत असेल, तर गणित गेमच्या बाहेर बसलंय. खेळी करणं म्हणजेच गणित करणं, असं जमायला हवं.

एक चांगलं उदाहरण सांगते, एका ग्रुपचं. २४ सेंटिमीटर लांबीची पट्टी म्हणजे एक पूर्ण. ए-फोर कागदाच्या लांबीत ती आरामात बसते. तिचे तुकडे : १/२ म्हणजे १२ सेंमी, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/६ म्हणजे ४, १/८ म्हणजे ३ आणि १/१२ म्हणजे २. सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये, कात्रीला त्रास नाही. शिवाय नुसते आकडे लिहिलेले पत्ते ४० : १/२ चे चार, १/३ चे सहा, १/४, १/६ आणि १/८ चे प्रत्येकी आठ, १/१२ चे सहा. आपल्या पाळीला एक पत्ता उचलायचा, तो आपल्यासमोर मांडायचा किंवा बँकेत, म्हणजे उरलेल्या पत्त्यांत, देऊन तेवढ्याच किमतीचे दुसरे घ्यायचे. ज्याची बेरीज पहिल्यांदा बरोबर एक होईल तो जिंकला. एकाच्या वर जाईल असा पत्ता मांडता येत नाही. खरी मजा अदलाबदलीत आहे. "माझा १/२ घ्या, मला १/४, १/६ आणि १/१२ द्या." समोरच्याला शंका आली तर त्याने "दाखव" म्हणायचं, आणि मग पट्ट्या एकमेकींवर ठेवून पडताळा. ६, ४ आणि २, झाले १२. बरोबर-चूक सांगायला ना बाई लागत, ना उत्तरपत्रिका.

या ग्रुपने आधी १/५ सुद्धा घेतला होता, 'विविधता' म्हणून. खेळून बघितल्यावर कळलं की ज्याने १/५ मांडला तो पाच पाचवे जमेपर्यंत लटकला, कारण बाकी कुठल्याही तुकड्यांनी उरलेले ४/५ भरत नाहीत. १/८ चीही अशीच खोड आहे, पण सौम्य : २४ सम आहे, बाकीचे सगळे तुकडे सम आहेत, १/८ तेवढा ३ चा, म्हणून तो जोडीनेच उपयोगी पडतो. अशी एखादी खोड गेममध्ये हवीच, ती ओळखणारा पोरगा लवकर हुशार होतो. १/५ ची मात्र नुसती शिक्षा होती. हे लॅपटॉपवर कळलं असतं का? कळलं असतं, पण तीन आठवड्यांचं कोडिंग झाल्यावर, आणि तोवर कोणाला काही काढून टाकायची इच्छा उरत नाही.

म्हणून माझ्याकडे नियम आहे : सुरुवातीचे पंधरा दिवस लॅपटॉप बंद. चौघांनी प्रत्येकी एक कागदी गेम करून आणायचा, चारही खेळायचे, मग निवडायचा. याचा दुसरा फायदा असा की कामाची नेहमीची वाटणी मोडते. नाहीतर एक जण कोड करतो, एक पीपीटी, एक ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) आणि चौथा बाइंडिंगवाल्याकडे खेपा घालतो. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, चौथ्याला प्रश्न पडला की बाकीचे छताकडे बघतात. पुढे कामं वाटा, पण त्यात दोन कामं अशी ठेवा जी कोणी मागून घेत नाही. एक, नियमांची वही : तारीख, कोणता नियम बदलला, का बदलला. एका वेळी एकच बदल, तोही डाव संपल्यावर. चालू डावात नियम बदलायला लागलात तर भांडणाशिवाय काही हाती लागत नाही. दुसरं, शाळेशी बोलणं. दोन्ही कामं सगळ्यात शांत मुलामुलींना द्या, असा माझा अनुभव आहे.

शाळेत जाताना कॉलेजचं पत्र घ्या, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, परीक्षेचे आठवडे टाळा. मुलांचे फोटो काढू नका. पत्ते धरलेले हात पुरतात. चार-चार मुलांचे गट बसवा, नियम एकदाच सांगा आणि गप्प बसा. हे सर्वांत कठीण. तुमच्यातला एक जण "अरे, तो नको, हा टाक" म्हणेलच. त्याला बाहेर व्हरांड्यात पाठवा. शेवटी "गेम आवडला का?" असं विचारूच नका. सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणेल, पाहुण्यांना दुसरं काय सांगणार? त्यापेक्षा लिहून ठेवा : पहिल्यांदा "दाखव" कोणी म्हटलं, कोण कुठे थांबलं, कोणी आपला वेगळाच नियम काढला.

वर सांगितलेल्या गेमच्या पहिल्या खेपेला पत्त्यांऐवजी पट्ट्याच हातात दिल्या होत्या. एक मुलगी पटापट जिंकत होती. टीम खूश. नीट पाहिलं तर ती आकड्यांकडे बघतच नव्हती, मोकळी जागा बघून लांबीने तुकडे बसवत होती. मुलं नेहमी सोपी वाट शोधतात आणि त्यात गैर काही नाही. ती वाट गणितातून न्यायची हे तुमचं काम. मग हातात नुसते आकड्यांचे पत्ते आले आणि पट्ट्या डब्यात गेल्या, फक्त "दाखव" म्हटल्यावर बाहेर काढायला.

शिकले का, हे मोजायचं तर खेळाआधी पाच जोड्या द्या आणि आठवड्याने तशाच पाच. इथे एक फसगत होते. खेळून मुलं 'छेद लहान तो मोठा' असा नवा नियम पाठ करतात आणि १/६, १/८ मध्ये सगळी बरोबर येतात. म्हणून २/३ आणि १/२, किंवा ३/८ आणि १/४ अशा जोड्या घाला, जिथे हा नियम तोंडावर पडतो. आणि बारा मुलांवरून 'आकलनात ४० टक्के वाढ' असलं काही लिहू नका. बारापैकी किती, एवढंच लिहा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. गोडो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि साध्या मशीनवर चालतं. पण चौथी आवृत्तीच घ्या, ती मार्च २०२३ मध्ये आली. तिसरीत देवनागरी नीट जुळत नाही : 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, रफार सुटतो. स्क्रीनवर 'अपूर्णांक' लिहून बघा. तो शब्द नीट दिसला तर बाकीचेही बहुधा दिसतील. फॉन्टला 'मुक्त' किंवा 'बलू' घ्या, दोन्ही मोफत परवान्याचे. अ‍ॅप इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. कोड गिटवर ठेवा, ते प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. 'फायनल', 'फायनल-नवीन' आणि 'फायनल-खरं' असल्या फोल्डरांचा पेनड्राइव्ह मी तपासत नाही.

व्हायव्हाला पीपीटीआधी पत्ते काढा आणि एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, एक डाव खेळायला बसवा. त्यांनी अदलाबदल केली की "दाखव" म्हणायला लाजू नका. नंतर नियमांची वही पुढे करा, १/५ का गेला ते त्यात आहे. आणि शाळेला संच देऊन येणार असाल तर १/१२ चे तुकडे दुप्पट कापा. दोन सेंटिमीटरचा पुठ्ठा पहिल्या आठवड्यातच बाकाखाली जातो.