पीसी अचानक बंद पडतो? लाइटीला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोकणात पीसी बंद पडला की आरोपी आधीच ठरलेला असतो: लाइट. आरोप अगदीच खोटा नाही. लाइनच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की पंखा पेंगायला लागतो, आणि गणपतीत चाकरमान्यांनी बंद घरं उघडली की आठवडाभर विचारायलाच नको. पण भिंतीतल्या २३० व्होल्टचा आणि प्रोसेसरला मिळणाऱ्या सव्वा व्होल्टचा संबंध लोक धरतात तेवढा सरळ नाही.

मध्ये दोन टप्पे आहेत. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, २३० चे १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवरचं व्हीआरएम, म्हणजे सॉकेटच्या बाजूला ओळीने बसवलेल्या चौकोनी कॉइल आणि त्यांचे मॉस्फेट (बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच), त्या १२ चं एक-सव्वा व्होल्ट करतं. ॲक्टिव्ह पीएफसीचे (भिंतीतून येणारा करंट स्वतः सांभाळणाऱ्या सर्किटचे) बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात. भिंतीत १७० आले तरी तो पुढे १२च देतो, फक्त भिंतीतून जास्त करंट ओढतो. त्यामुळे एचडब्ल्यूइन्फो या पीसीतले आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीकोर, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज, १.३० वरून १.१९ वर उतरलेलं दिसलं तर त्यात बाहेरच्या डिम लाइटीचा हात नसतो. डिम लाइटीचा फटका वेगळा असतो: निळा स्क्रीन नाही, एरर नाही, पीसी खट्‌कन बंद. व्हीकोर कमी पडलं तर पीसी हँग होतो, निळा स्क्रीन देतो किंवा प्रोग्रॅम आपोआप बंद होतात. या दोन दुखण्यांचं औषध एक नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा नंबर) ० असेल तर आधी लाइट, यूपीएस, एसएमपीएस बघा. सोबत हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या १८ किंवा १९ नंबरच्या नोंदी असतील तर मोर्चा प्रोसेसर, व्हीआरएम आणि रॅमकडे वळवा. १९ म्हणजे चूक झाली पण सावरली, १८ म्हणजे सावरता आली नाही.

लोडवर व्होल्टेज उतरणं हा बिघाड नाही

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक इथे होते. लोड, म्हणजे प्रोसेसरवर जड काम, आल्यावर व्हीकोर थोडं उतरावं अशीच व्हीआरएमची रचना असते. त्याला व्हीड्रूप म्हणतात. लोडलाइन (दर अँपिअरमागे किती उतरायचं ते ठरवणारा आकडा) समजा १.१ मिलिओहम आहे आणि प्रोसेसर १०० अँपिअर ओढतोय, तर ०.११ व्होल्ट उतरणारच. १.३० चे १.१९ झाले, हिशेब जुळला.

असं मुद्दाम का ठेवतात? कारण लोड एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. बागेत पंपाचा व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यावर पाइपाला दणका बसतो, तसाच हा दणका. लोडवर व्होल्टेज आधीच खाली असेल तर उसळी मर्यादेत राहते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे हे उतरणं कमी करणारं सेटिंग, सगळ्यात कडक करून ठेवलं की स्क्रीनवरचा आकडा छान सरळ दिसतो, पण उसळ्या मोठ्या होतात. एचडब्ल्यूइन्फो साधारण दोन सेकंदांनी एकदा वाचन घेतं. मायक्रोसेकंदात येऊन गेलेली उसळी त्याला दिसत नाही, प्रोसेसरला मात्र सोसावी लागते.

आणखी एक घोळ म्हणजे या सेटिंगच्या लेव्हलचे नंबर. एएसरॉक आणि एमएसआयच्या बोर्डांत साधारणपणे १ हा आकडा सगळ्यात कडक, आसुसमध्ये उलट, आकडा वाढेल तसं कडक. एका बोर्डाचा व्हिडिओ बघून दुसऱ्यावर सेटिंग मारणं म्हणून धोक्याचं. ओव्हरक्लॉक करत नसाल (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवत नसाल) तर ऑटोवर ठेवा. करत असाल तर मधली लेव्हल पुरे.

वाचताना ‘व्हीआयडी’ आणि ‘व्हीकोर’ यांची गल्लत करू नका. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज, मिळालेलं नव्हे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असं लिहिलेली ओळ दिसत असेल तर ती धरा, ती मिळालेल्या व्होल्टेजची असते. पीसी रिकामा असताना ०.८ वगैरे दिसलं तर घाबरू नका, तो वीज वाचवतोय. रायझन हलक्या कामात १.४ च्या पुढे जातो आणि सगळे कोअर लागले की खाली येतो, हेही ठीकच.

खारा वारा आणि आठ पिनांचा कनेक्टर

एवढं सगळं बरोबर असूनही पीसी लोडवर बंद पडत असेल, तर किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये मी आधी कॅबिनेट उघडेन, बायोस नंतर. मालवण, हर्णे, वेंगुर्ला अशा ठिकाणी खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या पीसीत मिठाचा थर बसतो. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि ओलं मीठ करंट वाहून नेतं. धूळ नुसती असते तोवर ती फक्त गरम करते. मीठ मिसळलं की पिना खाते.

पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला, पिवळ्या-काळ्या वायरींचा चार किंवा आठ पिनांचा सीपीयू कनेक्टर काढा. क्लिप दाबूनही तो चिकटल्यासारखा निघाला तर तिथेच शंका घ्या. टॉर्च मारून बघा: पिना चकचकीत हव्यात. काळपट, हिरवट, किंवा एखाद्या भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालेलं असेल तर दुखणं सापडलं. पिनेच्या जोडात ०.०२ ओहम जरी रोध वाढला, तरी १० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच जातात आणि २ वॉट उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते. ती उष्णता जोड आणखी बिघडवते.

काळपटपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पूर्ण सुकू द्या, मग पक्कं बसवा. पॉलिश पेपर नको. वरचा मुलामा गेला की महिनाभरात पुन्हा तेच. प्लॅस्टिक वितळलं असेल तर साफसफाईच्या भानगडीत न पडता एसएमपीएस बदला, आणि बोर्डावरचं सॉकेटही तपासून घ्या. तोंडाने फुंकर मारायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती धुळीबरोबर थुंकीही उडवते.

१२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४० ते १२.६० मध्ये राहायला हवी. हे मल्टिमीटरने मोजा, पीसी चालू असताना मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या) पिवळ्या-काळ्या वायरीवर. सॉफ्टवेअरमधला १२ व्होल्टचा आकडा कित्येक बोर्डांवर खोटा असतो. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास साठा असू शकतो.

जूनमध्ये बंद करून ठेवलेला पीसी गणपतीत थेट चालू करणं हीसुद्धा इथली खास चूक. आधी कव्हर काढून एक दिवस पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात घरी कोणी राहत असेल तर रोज तासभर चालू ठेवणं त्याहून बरं.

आता लाइट

जुन्या, स्वस्त एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चं लाल बटण असतं. डिम लाइटीवर उपाय म्हणून ते ११५ वर करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रात्री लोड उतरून व्होल्टेज चढलं की आतले कपॅसिटर फुटतात.

यूपीएस बघताना व्हीए नाही, वॉट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. ग्राफिक कार्डवाला पीसी लोडवर त्याला भारी पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर तो सावकाश पलटतो, आणि एसएमपीएस तेवढा वेळ तग धरत नाही. लोडवर त्याची धाव सोळा-सतरा मिलिसेकंदांची.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण येते? उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की आर्थिंग ढिलं होतं, आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधून बारीक करंट कॅबिनेटवर येतो. आर्थिंग दुरुस्त करूनच घ्या, पण त्याने व्हीकोर सुधारेल अशी आशा धरू नका.

थोडक्यात उरलेलं. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून एक दिवस वापरून बघा. प्रोसेसरच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) उणे ३० करून फक्त सिनेबेंच, म्हणजे सगळे कोअर कामाला लावणारा चाचणी प्रोग्रॅम, चालवणं ही चाचणी नव्हे. असा पीसी लोडवर नाही, रिकामा असताना पडतो. जुना एसएमपीएस आणि रिकाम्या वेळी हँग असं जमलं असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’वर करा.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले ६५ वॉट व त्यापुढचे डेस्कटॉप प्रोसेसर हा मात्र वेगळा विषय आहे. त्यांच्यात प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) आले. ते बायोस अपडेटमधून मिळतात. अपडेट करताना यूपीएस हवाच. पण आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. बॉक्समधून घेतलेल्या यातल्या ठरावीक प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा बोर्ड आणि रॅम बदलत बसण्यापेक्षा चिप बदलून मागा. बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा, दमट हवेत ती अक्षरं टिकत नाहीत.