कॅव्हन्साइट की पेंटॅगोनाइट? नमुना तपासताना या चुका टाळा

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघालेले कॅव्हन्साइट या खनिजाचे गर्द निळे नमुने जगभरच्या संग्रहांत पोचले आहेत. त्याच खाणींत त्याहून दुर्मिळ असे पेंटॅगोनाइट हे खनिजही मिळते. दोघांचे रासायनिक सूत्र अगदी एकच आहे, आणि नमुन्यावरच्या चिठ्ठ्या चुकतात त्या बहुधा यामुळेच.

रासायनिक विश्लेषणावरून या दोघांतले नाव ठरवू नका. दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन सारख्याच प्रमाणात येणार. फरक आहे तो रचनेत. दोन्हींत सिलिकेट चतुष्फलकांचे (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, अशा घटकांचे) थर असतात आणि कॅल्शियम-व्हॅनेडियम ते थर सांधतात. पण कॅव्हन्साइटच्या थरात चार आणि आठ चतुष्फलकांची कडी असतात, पेंटॅगोनाइटमध्ये सहांची. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून ही रचना १९७३ मध्येच प्रसिद्ध झाली. म्हणून खात्री हवी तर स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचण्या, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा रामन वर्णपट घ्या. पेंटॅगोनाइटचे पाच स्फटिक जुळून बनलेला चांदणीसारखा आडवा छेद स्पष्ट दिसला, तर तो भक्कम पुरावा आहे. नुसत्या निळ्या रंगाच्या छटेवर मात्र विसंबू नका.

इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉन झोत टाकून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राने) केलेल्या विश्लेषणात ऑक्साइडांची बेरीज १०० ऐवजी ८४ टक्क्यांच्या आसपास आली की अनेकजण यंत्राला दोष देतात. दोष नाही. सूत्रातले चार रेणू पाणी वजनाने सुमारे १६ टक्के भरते आणि हायड्रोजन या यंत्राला दिसत नाही. बेरीज ओढूनताणून १०० केली, तर ५३ टक्के सिलिका ६३ दिसते आणि नसलेला ‘रासायनिक बदल’ अहवालात शिरतो. उलट बेरीज ८४ च्या बरीच वर गेली, तर इलेक्ट्रॉन झोताने किंवा निर्वातामुळे पाणी उडाले असावे. झोत पसरट करा, प्रवाह कमी ठेवा. इथले व्हॅनेडियम चतुर्संयुजी (V⁴⁺) आहे, त्यामुळे ते जास्त ऑक्सिजनच्या पेंटॉक्साइड (V₂O₅) रूपात मोजले की तो आकडाही उगाच फुगतो. भोवतालच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम असते. त्याची एक एक्स-रे वर्णपट रेषा व्हॅनेडियमच्या मुख्य रेषेवर जवळजवळ चढते, तेव्हा ती वजावट विसरू नका.

कॅव्हन्साइटला झिओलाइट (पोकळ्यांत पाणी धरणारे ॲल्युमिनियम-सिलिकेट खनिज) म्हणणेही चूक. सोबत सापडणारे स्टिलबाइट हे खनिज झिओलाइट आहे, हे नाही.

साफसफाईला आम्ल आणि उष्णता दोन्ही नकोत. मऊ ब्रश पुरतो. विकत घेताना कॅव्हन्साइटच्या स्फटिकांचा निळा गोळा आणि खालचा स्टिलबाइट यांच्या सांध्यात भिंगाने नीट पाहा. तिथे चकचकीत डिंक दिसला, तर तो गोळा नंतर चिकटवलेला आहे.