इंडस्ट्रीचा प्रोजेक्ट घेताय? आधी क्षेत्र बघा

पीएचडीला प्रवेश मिळालेली मुलं हमखास विचारतात, 'कंपनीचा प्रोजेक्ट घेऊ का?' मी उलट विचारते, विषय कुठला?

मी केमिकलवाली. आमच्याकडे हे नातं जुनं. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, 1933 ची. पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, 1950 ची. प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला देणं इथे कुणाला नवल वाटत नाही. प्रश्न थेट प्लांटवरून येतो: कॅटॅलिस्ट (रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) लवकर का मरतो, नको असलेला बायप्रॉडक्ट कमी कसा करायचा? उत्तर सापडलं की ते कंपनीच्या नफ्याशी जोडलेलं, म्हणून गुप्तताही कडक. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी परिषदेत संशोधनाचं पोस्टर लावलं तरी नावीन्याचा दावा धोक्यात येतो. माझा पहिला पेपर कंपनीच्या वकिलांकडे इतका अडकला की तोवर बॅचमेट पोस्टडॉकला पोचले. थिसिसमध्येही पदार्थाचं नाव 'कंपाउंड ए'! शिकायला मात्र भरपूर मिळालं. पायलट प्लांटवर, म्हणजे छोट्या चाचणी-कारखान्यात, जे कळतं ते फ्लास्कमध्ये नाही कळत.

कॉम्प्युटरवाल्यांचं गणित वेगळं. तिथे कंपन्या स्वतःच पेपर छापतात आणि विद्यार्थी इंटर्न म्हणून आत शिरतात. ट्रान्सफॉर्मर या एआय मॉडेलच्या रचनेचा 2017 चा गाजलेला पेपर घ्या. त्याच्या आठ लेखकांपैकी एडन गोमेझ तेव्हा टोरांटो विद्यापीठात शिकत होता आणि गुगलमध्ये इंटर्न होता. पण डेटा आणि जीपीयू (मोठी गणनं करणाऱ्या चिप) कंपनीचे. इंटर्नशिप संपली की लॉगिन बंद. तोच प्रयोग सार्वजनिक डेटावर करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

चिपमध्ये सगळं यंत्रांभोवती फिरतं. ती इतकी महाग, की बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या आयमेक या चिप-संशोधन केंद्रात (स्थापना 1984) एकमेकांच्या स्पर्धक कंपन्याही एकाच क्लीनरूममध्ये (धूळमुक्त प्रयोगशाळेत) संशोधन करतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईची नॅनोफॅब ही तशीच प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येते. यंत्राचा स्लॉट मिळेल तसं तुमचं वेळापत्रक ठरणार, हे गृहीत धरा.

औषधांत कॉलेजचं काम बहुधा लवकर आटोपतं. कंपनीला शोधाचं लायसन्स दिलं की पुढच्या चाचण्यांना वर्षं लागतात. गोळी बाजारात येईपर्यंत तुम्ही लॅबमध्ये नसाल.

सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम स्वतः वाचा; कंपनीला पेपर किती दिवस रोखता येतो ते तिथे लिहिलेलं असतं. आणि त्या लॅबमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या सीनियरला गाठा. पॅकेज किती, ते नंतर. पहिला पेपर कितव्या वर्षी आला, ते आधी विचारा.