जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँक: या चुका टाळा

क्रँकच्या पुढच्या टोकावरचा डॅम्पर (हब आणि बाहेरची रिंग यांच्यात रबर असलेली जड चकती) काढून हलकी पुली बसवू नका. हे मी इतक्यांदा सांगितलंय, तरी दर वर्षी कोणीतरी तेच करतं. ओळीतल्या सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच संतुलित असतं, जागेवर थरथरत नाही, आणि त्यानेच माणूस फसतो. थरथर नाही म्हणजे पीळ नाही असं नव्हे. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, लांब आहे. प्रत्येक स्फोटाला तो जरासा पिळतो आणि उलटा सुटतो. ठराविक आरपीएमला स्फोटांचा ताल या पिळाच्या तालाशी जुळला की पीळ वाढतच जातो. डॅम्परमधलं रबर तो जिरवतं. जुन्या डॅम्परच्या हबवर आणि बाहेरच्या रिंगवर मिळून मी पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ मारतो. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली, तर रिंग सरकली. तो डॅम्पर बाद, आणि त्यावरची टायमिंगची खूणही खोटी.

दुसरी चूक फिलेटची. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जिथे वेबला (त्याच्या बाजूच्या पाटाला) मिळतो तिथली गोलाई, म्हणजे फिलेट, ग्राइंडिंगमध्ये जाते आणि काटकोनी कोपरा उरतो. माझा एक क्रँक असाच ग्राइंड होऊन आला, आरशासारखा चकचकीत. मापं बरोबर होती, म्हणून मी कोपऱ्यात रेडियस गेज (गोलाई मोजायची पट्टी) लावलाच नाही. काही महिन्यांत तो सहाव्या पिनजवळ (जिथे सहाव्या पिस्टनचा रॉड जोडतात त्या जर्नलजवळ) तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या कमानी होत्या आणि सगळ्या त्याच कोपऱ्यातून निघालेल्या. ब्लॉकही गेला. आता बेअरिंगच्या आधी गेज लागतो. घाई असेल त्याने हे काम घेऊच नये.

ग्राइंडिंगला देण्याआधी चुंबकीय तपासणीने तडे बघा.

तेलाच्या वाटांचे प्लग काढल्याशिवाय क्रँक धुतला असं म्हणू नका.

शेवरलेच्या जुन्या २३५ इंजिनाला मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) चारच, नंतरच्या २५० ला सात. चारवाल्यात दोन बेअरिंगांमध्ये दोन पिना लोंबतात, क्रँक वाकतो. त्याला उंच आरपीएमवर ताणू नका, लोखंड कितीही चांगलं असो.

डॅटसनच्या एल२८ या पेट्रोल इंजिनात डिझेल एलडी२८ चा क्रँक घालणारे स्ट्रोक ७९ वरून ८३ मिमी झाला म्हणून खूश होतात. पिस्टन २ मिमी वर येतो हे हेड बसवताना आठवतं. आधी पिस्टनची पिन-उंची (त्याच्या पिनेपासून माथ्यापर्यंतची) आणि रॉडची लांबी कागदावर मांडा, मग क्रँक विकत घ्या.