नवीन स्पोर्ट्स गाडीचं रन-इन कसं करावं आणि अपग्रेडला हात कधी लावावा (जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर)

रन-इन म्हणजे नवीन गाडीचे पहिले हजारेक किमी, ज्यात इंजिन, टायर आणि ब्रेक घासून नीट बसतात. गाडी शोरूमच्या बाहेर निघायच्या आधीच याबद्दलचे सल्ले सुरू होतात. एक काका सांगतात पन्नासच्या वर न्यायची नाही, टॉप गिअरला टाकायची आणि आरामात चालवायची. रील बघून आलेला एखादा पोरगा सांगतो पहिल्याच दिवशी रेडलाइनला (इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) ने भो, इंजिन मोकळं होतं. दोघांचंही ऐकू नका. काकांचा सल्ला फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यातला आहे आणि टर्बो गाडीला (जिच्या इंजिनात पंख्याने जादा हवा कोंबली जाते) तो चक्क घातक आहे, का ते खाली येईलच. पोराचं तर सोडाच, गाडी त्याची नाहीये.

मी जे लिहितोय ते मुख्यतः टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल, म्हणजे व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय या जातीच्या. मस्टँगसारखी बिनटर्बोची मोठी व्ही-८ असेल तरी बरंचसं हेच लागू होतं, फक्त टर्बोचा भाग वगळा.

पहिलं काम, मॅन्युअल वाचा. खरंच वाचा, कोणी वाचत नाही. फोक्सवॅगन सांगते पहिले १,००० किमी फुल थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबणं) नाही आणि कमाल आरपीएमच्या (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही, मग १,५०० पर्यंत हळूहळू वाढवायचं. पोर्शे ३,००० किमीपर्यंत साधारण ४,००० आरपीएमची मर्यादा देते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किमीला रनिंग-इन सर्व्हिस असते, त्यात इंजिन आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) दोन्हीचं ऑइल बदलतात. तुमच्या मॅन्युअलचं आणि माझं जुळलं नाही तर मॅन्युअलचं ऐका.

डिलिव्हरीच्या दिवशी: टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा (१४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा), हवा तपासा कारण यार्डातून गाड्या बऱ्याचदा जास्त हवा भरून येतात, लिंबू-नारळ करा, निघा.

टायर आणि ब्रेक

नवीन टायरला पूर्ण पकड यायला पाचेकशे किमी लागतात, साच्यातून निघताना वर जो थर राहतो तो घासून जावा लागतो. तोवर वळणावर मस्ती नको, पहिल्या पावसात तर अजिबातच नको. हवा सकाळी गार टायरलाच मोजायची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पंपावर जाऊन "जास्त झाली" म्हणून हवा काढणारे लोक आहेत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर फिरतात. तापमान पाच-सहा अंश वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ब्रेक पॅडला पहिले दोन-तीनशे किमी द्या. एकदा हे अंतर झालं की पहाटे मोकळा रस्ता बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावायचे, मागचा आरसा बघून आणि पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवून गार करायचे. ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि मग आयुष्यभर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

इंजिन: खरी डोकेदुखी ३०० ते १,००० किमी

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला हेच जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि याच्याबद्दलच सगळ्यात जास्त बकवास ऐकायला मिळते.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (फॅक्टरीत घासून फिनिश करण्याच्या) बारीक तिरक्या रेषा असतात, त्यांची टोकं आणि पिस्टन रिंगची धार एकमेकांवर घासून बसायची असते. रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त तिच्या स्प्रिंगमुळे नाही, ज्वलनाचा गॅस रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनवर थोडा लोड आलाच पाहिजे. अगदीच कुरवाळत चालवली तर दाब कमी पडतो, भिंत गुळगुळीत चकचकीत होते आणि मग ती गाडी कायम ऑइल पिते. आजकालच्या इंजिनचं होनिंग फॅक्टरीतच बरंच पुढे नेलेलं असतं, त्यामुळे पूर्वीइतकी भीती नाही हे खरं, पण विषय संपलेला नाही, आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलच्या दातांनाही हाच काळ लागतो.

म्हणून नियम एकच: वेग बदलता ठेवा, लोड बदलता ठेवा, आणि खूप खाली आरपीएमवर जोर मागू नका.

आता आपला प्रॉब्लेम. धुळे-जळगाव-भुसावळ हायवे चौपदरी झालाय, सरळ रस्ता, क्रूझ कंट्रोल लावला की पाय काढून बसायचं, पारोळा-एरंडोल कधी गेलं कळत नाही. रन-इनसाठी याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. एकच आरपीएम, एकच लोड, तासभर. क्रूझचं बटण १,००० किमीपर्यंत विसरून जा. त्याऐवजी जळगाव-पाचोरा-भडगाव-चाळीसगाव घ्या, गावं येतात, स्पीडब्रेकर येतात, कापसाचा ट्रॅक्टर मध्ये येतो, गिअर आपोआप बदलत राहतात. हायवेच लागत असेल तर ७० वरून ९५, परत ८०, परत ७० असं खेळवत न्या, मागच्या ट्रकवाल्याला राग येणार नाही इतपत.

पद्धत अशी. इंजिन पूर्ण तापू द्या, आणि तापणं म्हणजे कूलंटचा काटा नव्हे, ऑइल. कूलंट पाचेक मिनिटात ९० ला येतं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. डिस्प्लेत ऑइल टेम्परेचर दिसत असेल तर ते ८० च्या वर गेल्याशिवाय काही सुरू करू नका, दिसत नसेल तर पंधरा-वीस मिनिटं साधी चालवा. मग तिसऱ्या गिअरला २,००० आरपीएमवरून अर्धा किंवा थोडा जास्त थ्रॉटल देऊन ३,५००-४,००० पर्यंत ओढा, आणि मग पाय पूर्ण काढा, गिअरमध्येच ठेवून, क्लच न दाबता, ब्रेक न लावता खाली येऊ द्या. हा खाली येण्याचा भाग लोक गाळतात. पाय काढला की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, ऑइल थोडं वर ओढलं जातं आणि घासून निघालेली बारीक घाण धुतली जाते. असं चार-पाच वेळा, मग दहा मिनिटं नॉर्मल, परत. एका दिवसात सगळं उरकायची गरज नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्सला हे सोपं आहे. डीएसजी, डीसीटीवाल्यांनी (म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांनी) मात्र नीट वाचा. गाडी डी (नेहमीच्या ड्राइव्ह) मोडला टाकली की कॉम्प्युटर मायलेजसाठी लगेच वरचा गिअर टाकतो, साठच्या स्पीडला पाचवा-सहावा, आरपीएम १,३००-१,४००. तुम्हाला वाटतं किती शांत चाललीय. मग समोर चढ येतो, तुम्ही थोडा पाय देता, गिअर लगेच खाली येत नाही आणि टर्बो त्या खालच्या आरपीएमवर भरपूर बूस्ट (जादा हवेचा दाब) देऊन मोकळा होतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनला नेमकी हीच स्थिती धोक्याची, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, याला एलएसपीआय म्हणतात, आणि जोरात झालं तर पिस्टन फुटतो. काकांचा "टॉप गिअरला टाकून हळू चालव" हा सल्ला इथेच मारतो. एस (स्पोर्ट) मोड टाकला तर उलटं, गिअर सोडतच नाही, गावातसुद्धा ३,००० वर गुरगुरत राहते. मी बराच काळ डी आणि एस मध्ये अडकून होतो. उत्तर एकच, रन-इनचे हजार किमी मॅन्युअल मोड आणि स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल. गिअर तुम्ही ठरवा. १,८०० च्या खाली असताना अर्ध्याच्या वर पाय द्यायचा नाही, आधी एक गिअर खाली, मग पाय. सीटमधून घुमल्यासारखी थरथर आली म्हणजे तुम्ही चुकीच्या गिअरला आहात.

घाट वाईट नाही, उलट उत्तम, फक्त पहिले ३०० किमी झाल्यावर. सप्तशृंगीला नांदुरीहून वर जाणं हे आपल्याकडचं सगळ्यात चांगलं रन-इन आहे, आणि दर्शन तसंही करायचंच असतं. जळगाववाल्यांना फर्दापूरचा अजिंठा घाट, चाळीसगाववाल्यांना कन्नड घाट, शहाद्याकडच्यांना तोरणमाळ. चढताना दुसरा-तिसरा गिअर, उतरताना त्याच गिअरला इंजिन ब्रेकिंग. वर पोचल्यावर फोटोसाठी खाडकन इंजिन बंद करू नका, शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर हळू घ्या म्हणजे टर्बो गार होतो. आणि बंद केल्यावर फॅन सुरूच राहिला तर घाबरून शोरूमला फोन लावू नका, मेमध्ये तो असाच फिरतो.

उन्हाळ्यात आकाशवाणी चौकात एसी लावून वीस मिनिटं उभं राहणं हेही नवीन इंजिनला चांगलं नाही. शक्य असेल तर पहाटे चालवा. संध्याकाळनंतर गावाच्या रस्त्याला जाऊच नका, रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

ऑइल

डिपस्टिक पाचशे किमीला बघा. नवीन इंजिन थोडं ऑइल पितं, काही मॅन्युअलात १,००० किमीला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं.

पहिली सर्व्हिस १५,००० ला लिहिली असली तरी मी १,५००-२,००० च्या दरम्यान एकदा ऑइल आणि फिल्टर बदलून घेतोच. बंधन नाही, माझं मत आहे, पण गाडीच्या किमतीत हा खर्च दिसतसुद्धा नाही. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलीच. "आपल्याकडे ४५ डिग्री असतं, २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) टाका" म्हणणारा मेकॅनिक प्रत्येक गॅरेजात एक असतो, त्याला नमस्कार करा आणि निघा. डब्यावर एपीआय एसपी (ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा, वर सांगितलेल्या एलएसपीआयची चाचणी त्यात येते, आणि गाडी कंपनीचा स्वतःचा मंजुरी नंबर असेल तर तोही. बिल जपून ठेवा. इंजिनमध्ये ओतायच्या बाटल्या, अ‍ॅडिटिव्ह, काही नको.

अपग्रेड

रन-इन संपेपर्यंत काहीही नको. अपवाद एकच, पुढच्या बंपरला आणि बॉनेटला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म), कारण हायवेवरचे डंपर खडी उडवतात आणि ते पहिल्या आठवड्यातच उडवतात.

पुढे माझा क्रम असा: टायर, ब्रेक फ्लुइड, पॅड, मग सस्पेन्शन, आणि पॉवर शेवटी. बहुतेक पोरं बरोबर उलटं करतात.

टायर कंपनीच्याच साइजचे पण चांगल्या कंपाउंडचे घ्या, एवढ्यानेच गाडी वेगळी वाटते. कंपनीपेक्षा मोठ्या रिम्स लावून साइडवॉल बारीक करू नका, यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या ट्रकांनी रस्त्याचं काय करून ठेवलंय ते बघा. ब्रेक फ्लुइड घाट करणाऱ्यांनी दोन वर्षांनी बदलायलाच हवं, डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं पण ओलावा शोषून १५५ पर्यंत उतरू शकतं. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग? आपले स्पीडब्रेकर बघून मग विचार करा. मी नाही लावणार.

एअर फिल्टरबद्दल जरा रागातच लिहितो. उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर खान्देशात लावणं वेडेपणा आहे. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि कोन बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढतो. १५ अंशाच्या तुलनेत ४५ अंशाला हवा आधीच नऊ-दहा टक्के विरळ असते, त्यात इंजिनजवळची आणखी गरम हवा म्हणजे पैसे देऊन पॉवर कमी करून घेणं. आवाज येतो फक्त. पैसे घालायचेच असतील तर मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारा), मेमध्ये त्याचा फरक कळतो. बाकी कंपनीचाच कागदी फिल्टर सांगितल्यापेक्षा लवकर बदला.

रिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं): इंजिनला झेपतो, पण ड्राय क्लचच्या डीएसजीला किती टॉर्क झेपतो ते आधी बघा. वॉरंटी असेपर्यंत थांबा. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाडीत छेडछाड सापडली की टीडी१ चा शिक्का (कंपनीच्या रेकॉर्डमधली छेडछाडीची नोंद) बसतो आणि वॉरंटीचा विषय अवघड होतो, परत स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) टाकली तरी खूण राहू शकते. पेट्रोल कोणतं मिळणार तेही धरा, ९५ ऑक्टेनवर (वरच्या दर्जाच्या पेट्रोलवर) बसवलेला मॅप गावाकडच्या पंपावर साधं पेट्रोल मिळाल्यावर काय करेल हे ट्यूनरला विचारून घ्या, उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा ट्यूनर बघा.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय, आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट हा पोलिसांना लांबूनच ऐकू जाणारा पुरावा आहे. इन्शुरन्सला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीत आणतो, त्यामुळे जे कराल ते लेखी कळवा.

आणि काढलेले ओरिजिनल पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. खोक्यात भरून, कुठला बोल्ट कुठला ते लिहून माळ्यावर टाका, गाडी विकताना गिऱ्हाईक पहिले तेच मागतं.