अंगठे मिळाले, होकार राहून गेला

वनसंवर्धनाच्या कामाला नव्यानं लागलेली मुलं पहिल्याच महिन्यात विचारतात, "ताई, ग्रामसभेच्या संमतीच्या ठरावाचा नमुना आहे का?" आहे. पण तो मी मागाहून देते. एका गावाची पहिली संमती मी अशाच नमुन्यावर घेतली होती.

गडचिरोलीतलं गोंड वस्तीचं गाव. बांबूचं रान तीन वर्षं बंद ठेवायचं होतं. मी गेले ऐन तेंदूच्या हंगामात. बाया अंगणात पुडे बांधत बसलेल्या, हात थांबत नव्हते. सरकारी मराठीतला ठराव वाचला, एका शिकलेल्या पोरानं गोंडीत सांगितलं, आणि वहीत अंगठे उमटले. दुपारपर्यंत काम फत्ते!

पावसाळ्यात राखणदारानं बायांच्या टोपल्या रिकाम्या करून घेतल्या. त्यात वास्ते होते, बांबूचे कोवळे कोंब. संध्याकाळी एक आजी टोपली घेऊन आली. "तू जंगल राखायचं म्हणालीस, आम्ही हो म्हटलं. वास्ते बंद, असं कधी म्हणालीस?" ठरावात 'वनोपज संकलनास प्रतिबंध' असं लिहिलं होतं. पोरानं त्याचं गोंडीत "जंगल राखायचं" एवढंच केलं होतं. त्याला दोष कसा देणार? ते वाक्य मलाच सोप्या मराठीत सांगता आलं नसतं.

कायदाही तेव्हा मी वरवर वाचला होता. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. दारोदार फिरवलेली वही म्हणजे ग्रामसभा नव्हे. ग्रामपंचायतीचा ठरावही नव्हे. टोल्याची, म्हणजे वाडीची, सभा टोल्यातच भरली पाहिजे. गाव हलवण्याचा प्रश्न असेल तर धीर आणखी धरा: संरक्षित क्षेत्रातल्या वन्यजीव अधिवासातून पुनर्वसन करताना ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण आणि लेखी संमती २००६ चा वनहक्क कायदाच मागतो.

आम्ही तो ठराव रद्द करून घेतला. धान घरात आल्यावर पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी बायांबरोबर हद्द चाललो. अर्धा दिवस गेला. नाल्याकाठचा पट्टा वास्त्यांसाठी मोकळा सोडावा, हे त्यांनीच दाखवलं; आमच्या नकाशात तिथं नाला होता, वास्ते नव्हते. दुभाषी म्हणून एका वयस्क बाईला बसवलं आणि प्रत्येक मुद्दा तिच्याकडून उलट मराठीत ऐकून घेतला. पैसे किती, कुणाच्या खात्यात, काम अर्धवट सुटलं तर काय, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. कोण काय विरोधात बोललं तेही इतिवृत्तात लिहिलं. सहीपेक्षा ते पान मला जास्त कामाचं वाटतं.

लेखा-मेंढ्याला एकदा जाऊन या. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. त्याआधी अभ्यासगटात विषय चघळला जातो. तो वेग तुमच्या तिमाही अहवालात बसणार नाही. वरिष्ठ तारीख मागतील. आराखड्यातच तीन-चार बैठकांचा वेळ आणि रोवणीचे, मोहाचे, तेंदूचे दिवस सोडून ठेवा, म्हणजे भांडण कमी होतं.

शेजारच्या टोल्यानं मात्र सरळ नाही म्हटलं. मी अहवालात 'नकार' लिहिलं. वरून विचारणा आली, "म्हणजे पुढची बैठक कधी?" मी उत्तरात तोच शब्द पुन्हा लिहून पाठवला.